टाळ, मृदंग आणि सॅक्सोफोन

पंढरपूर पाहावे तर वारी नसताना पाहावे, असे आमचे जुने मत आहे. आषाढीस तेथे माणसे दिसतात, गाव दिसत नाही. गेल्या पौषात आम्ही गेलो तेव्हा चंद्रभागेचे पात्र रोडावले होते, वाळवंटात दोन-चार होड्या पालथ्या घातलेल्या होत्या, आणि महाद्वार घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर बुक्का, चुरमुरे, तुळशीच्या माळा व पितळी टाळ विकणारे दुकानदार उन्हाकडे पाठ करून पेंगत होते. तिथी पौष शुद्ध एकादशीची. पंचांगात तिला पुत्रदा असे नाव आहे. त्या रात्री घाटाजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात जे घडले, ते सांगावे की घरातल्या घरात ठेवावे याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. परंतु ज्या प्रश्नावरून ते घडले तो प्रश्न आज अनेक घरांत निरनिराळ्या रूपांनी उभा आहे. सबब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाड्यात आता आमचे थोरले चुलते व काकू अशी दोघेच राहतात. चुलत्यांस घरात सर्वजण अण्णा म्हणतात. वय शहाऐंशी. त्यांच्या वडिलांनी दर एकादशीस रात्री माजघरात भजन करण्याचा नेम धरला. तो वडिलांमागे अण्णांनी चालविला. एके काळी या भजनास वीस-पंचवीस टाळकरी बसत आणि ओसरीपर्यंत माणसे दाटत. हल्ली शेजारचे तिघे-चौघे येतात, एक गृहस्थ पेटी धरतात, आणि मृदंग खुंटीवर असतो; कारण अण्णांचा उजवा हात कापू लागल्यास आता दोन वर्षे होतील. त्यांचे चिरंजीव परदेशी आहेत; ते दरमहा फोन करतात आणि भजन झाले का म्हणून विचारतातही, परंतु त्यांच्या गळ्यात वा हातात काही नाही. घरात ज्याच्या हातात काही होते असा एकच, आमचा पुतण्या. लहानपणी तीन उन्हाळे तो अण्णांपुढे मृदंग घेऊन बसला. पुढे शिक्षणासाठी मुंबईस गेला, आणि तेथे कोणा मित्राच्या नादाने सॅक्सोफोनच्या आणि जाझ संगीताच्या मागे लागला. ही वार्ता पंढरपुरास पोहोचली तेव्हा अण्णांनी निरोप धाडला : ‘मृदंग सोडलास तो सोडलास, ते पितळी नरसाळे मात्र या उंबऱ्याच्या आत आणू नकोस.’ त्याला सहा वर्षे झाली. सहा वर्षे मुलगा येई, नमस्कार करी, प्रसाद घेई आणि जाई. संगीताचा शब्द दोघांत निघत नसे. ज्यांच्या घरात असे मौन कधी वसले असेल त्यांस त्याचे वजन सांगावयास नको.

या खेपेस तो ते वाद्य घेऊन आला. अण्णांनीच बोलाविले होते, असे मागाहून कळले. काय म्हणून बोलाविले ते त्यांनी कोणास सांगितले नाही. काकूंनी पेटाऱ्याकडे पाहून पहिला प्रश्न केला, ‘हे कातड्याचे आहे का रे?’ त्यावर मुलगा म्हणाला, ‘नाही आजी, कातडे मृदंगाला असते.’ काकू थोड्या गोंधळल्या, पण हार न जाता म्हणाल्या, ‘असेल. पण ते तोंडात धरून वाजवायचे ना? म्हणजे उष्टेच की. देवघराशेजारी नको, बोळात ठेव.’ पेटारा बोळात गेला. मुरलीधराच्या मुरलीचे काय, हा प्रश्न आमच्या जिभेवर आला होता. परंतु एकादशीच्या दिवशी उपाशी माणसाने वाद घालू नये.

येथवर वाचून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडली असेल. अभंग कोठे आणि जाझ कोठे! एक वैकुंठीचे, दुसरे हॉटेलातले. ही आठी आमच्याही कपाळी बरीच वर्षे होती, म्हणून तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण तिच्याविषयी एक-दोन गोष्टी लक्षात आणून देणे अवश्य आहे. ज्या पेटीवाचून आज आपले भजन उभे राहत नाही, ती पेटी १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मास आली. सॅक्सोफोनचे पेटंट आडोल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने त्याच पॅरिस शहरात १८४६ साली घेतले. म्हणजे ही दोन्ही वाद्ये एकाच गावची आणि जवळजवळ एकाच वयाची. एकीला आपण देवापुढे बसविले, दुसऱ्याला बोळात ठेवले, एवढाच भेद. बरे, पेटीलाही सुखाने प्रवेश मिळाला असे नाही. तिला मींड घेता येत नाही, तिचे स्वर कापलेले असतात, या कारणास्तव १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आश्चर्य हे की, ज्या गुणाअभावी पेटी दोषी ठरली तो गुण सॅक्सोफोनात आहे. त्याची पत्ती बोरूच्या जातीच्या गवताची असते. ओठांच्या दाबाने स्वर वाकविता येतो, कोमल गंधार हवा तितका खाली-वर झुलविता येतो. मंगळूरकडील कद्री गोपालनाथ यांनी हेच वाद्य घेऊन आयुष्यभर शुद्ध कर्नाटक संगीत वाजविले. २०१९ साली ते निवर्तले तेव्हा ते वाद्य परके आहे असे दक्षिणेत कोणी म्हणत नव्हते. आमच्या जिल्ह्यातही सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान अशी ‘सुंदरी’ मैफलीत आणून बसविलीच. आणि खुद्द पंढरपूर तरी कोठे एकसुरी आहे? रुक्मिणीमातेचे पुजारीपण ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते त्या उत्पात मंडळींनी रंगपंचमीच्या निमित्ताने बैठकीची लावणी जतन केली, हे संगीताचे सर्व अभ्यासक जाणतात. ज्या गावात अभंग आणि लावणी शेजारी नांदल्या त्या गावाला नवलाची एवढी धास्ती का असावी?

आता जाझ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. तेथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची वस्ती मोठी होती, आणि रविवारी एका मोकळ्या चौकात जमून नाचण्या-वाजविण्याची त्यांना मुभा असे. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी कायद्याने उठली, लष्करी बँडची पितळी वाद्ये स्वस्त झाली. ती या लोकांच्या हाती आली. त्यांच्याजवळ शेतात राबताना म्हटलेली गाणी होती, चर्चमधील भजने होती, आणि आफ्रिकेतील लयीची आठवण होती. या सर्वांच्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी जाझ तयार झाले. त्याची पहिली तबकडी १९१७ साली निघाली ती मात्र गोऱ्या वादकांची. जगात श्रेय कसे वाटले जाते याचा तो एक नमुनाच म्हणावयाचा.

या संगीतातील एक चाल ऐकून आम्ही थबकलो. न्यू ऑर्लिन्समध्ये कोणी मरण पावले की वाद्यांची मिरवणूक प्रेताबरोबर स्मशानापर्यंत विलंबित लयीत, शोकगीत वाजवीत जाते. दफन झाले की तीच मंडळी परतताना द्रुत लयीत आनंदाची गाणी वाजवू लागतात, आणि रस्त्यावरची माणसे मागे दुसरी रांग धरून नाचत निघतात. म्हणजे जाझ हे मुळात बैठकीचे गाणे नव्हे, चालण्याचे गाणे आहे. आता आपली दिंडी डोळ्यांपुढे आणा. पुढे पताका, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये एक मृदंग, त्यामागे वीणेकरी, आणि शेवटी तुळशीवृंदावने घेतलेल्या बायका. आळंदीहून अडीच आठवडे हे गाणे पायांवर चालत येते. चरण एकाने म्हणावा, ध्रुपद सर्वांनी धरावे. तिकडेही एकाने हाक द्यावी आणि जमावाने ओ द्यावी, हीच रीत चर्चमधून जाझमध्ये आली. टाळाचा भर, पावलीची उडी आणि दोन मात्रांमधला झोल ज्याने अनुभवला आहे त्याला जाझमधील ‘स्विंग’ समजावून सांगावा लागत नाही. एका मात्रेचे दोन सारखे भाग न पाडता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवावयाचा, हे त्याचे गमक. आमच्या भजनी ठेक्यातही आठ मात्रा घड्याळासारख्या पडल्या तर कोणाचे पाऊल उचलत नाही.

आणखी एक साम्य आहे, ते सुखाचे नाही. नामदेव पायरीशी चोखोबांची समाधी आहे. ज्याने विठ्ठलाला इतके आळविले, त्याला महाद्वाराबाहेर ठेवण्यात आले. आणि त्याच्या जातीच्या माणसांना आत जाण्यासाठी १९४७ सालचा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. आमच्या घरातील त्या वेळच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी कोणती बाजू घेतली हे आम्हांस ठाऊक आहे, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे नाही. अमेरिकेतही काळ्या वादकाने रात्री ज्या हॉटेलात वाजवावे, त्याच हॉटेलात त्याला पुढच्या दाराने शिरता येऊ नये, अशी अवस्था कित्येक वर्षे होती. दाराबाहेर राहिलेल्या माणसाचे गाणे वेगळे असते. ते आळवणी करते, पण हिशेबही मागते. चोखोबांच्या अभंगांत आणि त्या काळ्या लोकांच्या भजनांत जे एकच दुखणे ऐकू येते ते कोणी जुळवून आणलेले नाही.

हे संगीत आपल्याकडे आले ते मात्र पुढच्या दारानेच. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या निग्रो वादकाचा संच मुंबईस ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून टेडी वेदरफर्ड आदि आले. श्रोते साहेब लोक, संस्थानिक आणि धनिक पारशी. पण शेजारी उभे राहून कान देणारे निराळेच होते, ते म्हणजे गोमंतकीय वादक. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवीत. त्या विद्येवर ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमात पोट भरीत. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांतलेच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते ट्रंपेट वाजवीत आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

त्यांची गाठ पडली ती नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांच्याशी. हेच संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र. जन्म १९१८ चा, देशस्थ घर, शिक्षण गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांजवळ. पुण्याच्या शिस्तीत ख्याल शिकलेला हा मुलगा मुंबईत आला, सोहराब मोदींच्या कंपनीत पेटी वाजवू लागला, आणि जाझच्या लयीने असा भारला की ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील त्याच्या गाण्यांवर सारा देश डोलू लागला. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. आमच्या आजोबांच्या पिढीने या गाण्यांना ‘थिल्लर’ म्हटले आणि ओसरीवर बंदी केली, आणि त्यांच्याच सुनांनी स्वयंपाकघरात ती गुणगुणली. परंतु मौज अशी की, त्याच ‘अलबेला’त पिलूच्या वळणाची एक अंगाईही आहे आणि तीही त्याच माणसाची. पुणतांब्याच्या या गृहस्थाने ट्रंपेट घेतला म्हणून त्याची पिलू हरवली नाही. ज्यांना संकराची भीती वाटते त्यांनी ही एवढी तबकडी घरी ऐकावी.

गोमंतकीयांतही केवळ पोटापुरते वाजविणारे सगळे नव्हते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्यापाशी राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ साली ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर बांधलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. लोकांच्या लक्षात आज राहिले आहे ते १९७७ च्या एका चित्रपटातील गमतीचे गाणे, ज्यात प्यारेलालनी आपल्या गुरूचे नाव गोवले. रचना विसरल्या गेल्या. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जाझ स्टाइल’ ही तबकडी काढली. तीत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, जयजयवंती असे अकरा राग रईस खाँची सतार आणि मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन यांनी मिळून वाजविले आहेत. त्या वेळी ती फारशी कोणी विचारली नाही. आज हुडकीत फिरतात.

पण या संगमात एक खरी अडचण आहे, आणि ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाश्चात्य संगीतात प्रत्येक स्वराखाली इतर स्वरांचा खांब उभा करतात, आणि हे खांब सारखे बदलतात. गाणे त्यांच्यावरून पुलासारखे जाते. आपल्या रागाला एकच षड्ज. तंबोऱ्याने तो धरून ठेवावयाचा आणि सारा प्रपंच त्याच्याभोवती. आता मालकंस घ्या. त्यात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. षड्जावर खांब उभा करावयाचा तर पंचम हवाच, आणि पंचम लावला की मालकंस संपला. मध्यमावर खांब उभा राहतो (मध्यम, कोमल धैवत, षड्ज), पण मग श्रोत्याच्या कानाला मध्यमच घर वाटू लागतो आणि षड्ज पाहुणा होतो. आपणही मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतो हे खरे. तरीपण षड्जाला पाहुणा करीत नाही. अशा अडचणी रागागणिक आहेत. त्यांचा विचार न करता सतार आणि ड्रम एका व्यासपीठावर चढविले की जे होते त्याला संगम म्हणणे म्हणजे स्टेशनवरच्या गर्दीला गोतावळा म्हणण्यासारखे आहे.

या कोंडीतून वाट काढली ती अमेरिकेतल्याच काही विचारी वादकांनी. माइल्स डेव्हिस यांनी १९५९ साली ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ या तबकडीत खांबांची धावपळ कमी करून एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ रेंगाळावयाचे ठरविले. त्यांचे साथीदार जॉन कोल्ट्रेन त्याही पुढे गेले. रविशंकरांच्या तबकड्या त्यांनी मन लावून ऐकल्या, १९६१ साली ‘इंडिया’ नावाची रचना वाजविली, आणि १९६५ साली मुलगा झाला त्याचे नाव रवि ठेविले. लंडनमध्ये कलकत्त्यास जन्मलेले जॉन मेयर आणि जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ साली पाच हिंदी व पाच जाझ वादक समोरासमोर बसवून ‘इंडो-जाझ स्वीट’ केली. ती जरा कोरडी, पण प्रामाणिक आहे. मुंबईत निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ पासून ‘जाझ यात्रा’ भरू लागली. आणि जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकिर हुसेन, एल. शंकर व विक्कू विनायकराम यांची ‘शक्ती’ तर सर्वांस माहीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकिर हुसेन गेले. ‘शक्ती’च्या मागून जे शेकडो संच निघाले त्यांतील बहुतेकांनी तिची गती घेतली, तिची सबुरी घेतली नाही. शेवटी तबला आणि ड्रम यांची शर्यत लावावयाची, प्रेक्षकांनी उठून टाळ्या पिटावयाच्या. आम्ही अशा तीन-चार जलशांतून डोके दुखून घरी आलो आहोत.

याहून आम्हांस मोलाची वाटते ती कोल्ट्रेन यांच्या पत्नीची कथा. अ‍ॅलिस कोल्ट्रेन स्वतः पियानो आणि हार्प वाजविणाऱ्या नामांकित कलावती. पती १९६७ साली अकाली वारले; पदरी चार मुले. त्या दुःखात त्या स्वामी सच्चिदानंदांकडे वळल्या, हिंदुस्थानात येऊन गेल्या, तुरीयसंगीतानंद हे नाव धारण केले आणि कॅलिफोर्नियात आश्रम स्थापून तेथे भजन सुरू केले. शब्द आपले, नाव आपल्याच देवांचे. पण गाणारे बहुतेक काळे अमेरिकन, आणि ऑर्गनवर स्वर त्यांच्या लहानपणच्या चर्चमधले. त्या भजनांच्या ध्वनिफिती त्यांनी आश्रमापुरत्याच काढल्या. २००७ साली त्या निवर्तल्यावर पुष्कळ वर्षांनी जगाने त्या ऐकल्या. तेथे शर्यत नाही आणि चमत्कारही नाही. एका विधवेने आपल्या माहेरच्या सुरात दुसऱ्या देशाचा देव आळविला, इतकेच. आमच्या भगिनींपैकी ज्यांनी माहेरची चाल सासरच्या आरतीला लावली असेल त्यांना हे चटकन उमजेल.

गेल्या दहाएक वर्षांत मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या तरुणांच्या पथकांनी गिटार, ड्रम व आपली तालवाद्ये यांच्या साथीने तुकोबा-नामदेवांचे अभंग हजारो मुलांच्या तोंडी बसविले आहेत. ते जाझ नव्हे, पण भावकी तीच. त्यात काही बरे आहे, काही नुसते मोठ्याने आहे. आमची तक्रार एकच असते : शब्द ऐकू येत नाहीत. हीच तक्रार त्या रात्री निराळ्या तऱ्हेने आमच्या कानी आली.

रात्री नऊला भजन बसले. अण्णा, पेटीवाले गृहस्थ, शेजारचे तिघे टाळकरी, दाराशी काकू आणि आम्ही. अण्णांनी पुतण्याकडे न पाहताच म्हटले, ‘आण ते.’ पेटारा बोळातून आला. वाद्य जोडताना मुलाचे हात कापत होते. अण्णांची पट्टी पूर्वी पांढरी चार. वयोमानाने आता पांढरी तीनवर उतरली आहे. ही पट्टी सॅक्सोफोनला फार गैरसोयीची, तीत बहुतेक स्वरांना आडवी बोटे पडतात, हे आम्हांस मागाहून समजले. मुलगा तीन महिने दुसरे काही न वाजविता याच पट्टीत बसला होता. त्याने हे अण्णांना सांगितले नाही, आणि आम्हीही आजवर सांगितलेले नाही.

तुकोबांचा रूपाचा अभंग. चाल अण्णांच्या वडिलांची, भीमपलासाच्या अंगाची. पहिला चरण झाला, ध्रुपद झाले, आणि सॅक्सोफोन शिरला. तो आवाज माजघराला मोठा होता. पण कोमल गंधारावर मुलगा मध्यमाकडून असा घसरत आला की पेटीवाल्यांनी मान वर केली. जाझवाल्यांचाही एक गंधार असतो, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी लोंबणारा, आणि तो त्यांच्या दुःखाच्या गाण्यांचा प्राण समजतात. ते दोन गंधार त्या रात्री एकमेकांना ओळखीचे वाटले. पुढे मात्र मुलाला भरते आले. दुसऱ्या चरणावरही तो वाजवीत राहिला, तिसऱ्यावर तानांच्या सरी कोसळल्या, आणि शेवटी एका उंच स्वरावर त्याने वाद्य खाली घेतले. टाळकऱ्यांनी टाळ ठेवले. अण्णांनी ठेवले नाहीत.

ते टाळ वाजवीतच राहिले. एकटे, सम लयीत, डोळे मिटून. प्रथम आम्हांस वाटले, वयामुळे त्यांच्या ध्यानी आले नाही. पण माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांना याचा अर्थ ठाऊक असतो. मुक्कामी समाज-आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सर्व दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती वाजवीतच राहते, आणि चोपदाराने तिच्यापुढे जाऊन ती ऐकावी लागते. लहानपणी अण्णांनीच मुलाला दोनदा वारीस नेले होते. तो उठला, वाद्य सतरंजीवर ठेविले, अण्णांपुढे जाऊन हात जोडले आणि विचारले, ‘काय तक्रार आहे?’

टाळ थांबले. अण्णा म्हणाले, ‘वाजविलेस चांगले. पण मी चरण म्हणत होतो तेव्हा तू कोणाचे ऐकत होतास?’

मुलगा काही बोलला नाही.

‘ध्रुपद चरण संपल्यावर धरावयाचे असते. आधी नाही. पुन्हा घे.’

पुन्हा अभंग सुरू झाला. या वेळी चरणभर मुलगा गप्प बसला. ध्रुपदाला त्याने टाळकऱ्यांच्या गळ्याखाली खर्जात एकच सूर धरला, इतका हलका की तो आहे हे कळण्यास दोन आवर्तने लागली. तिसरा चरण म्हणून झाल्यावर अण्णांनी चौथा घेतला नाही. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि टाळ चालू ठेवले. आठ मात्रा गेल्या, सोळा गेल्या. मग त्याने वाजविले. किती वेळ ते आम्हांस सांगता येणार नाही. पेटी केव्हा थांबली तेही कळले नाही. एवढे आठवते की अण्णांचेच चरण तो उलटसुलट करून परत त्यांच्या हाती देत होता, आणि प्रत्येक वेळी ते पडताना ओळखू येत होते.

चौथा चरण अण्णांनी म्हटला तो बसक्या आवाजात. संपल्यावर त्यांनी टाळ शेजाऱ्याच्या हाती दिले, खुंटीकडे बोट दाखविले आणि काकूंना म्हणाले, ‘जरा कणीक भिजवता का?’

मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लागते हे आमच्या वाचकांस माहीत आहेच. एकादशीच्या रात्री आमच्या त्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा उघडण्याची चाल नाही. पण काकू एक अक्षर न बोलता उठल्या. मृदंग खाली आला, त्यावरची धूळ मुलाने धोतराच्या जुन्या पानाने पुसली. अण्णांनी तो मांडीवर घेतला, उजवा हात पुडीवर ठेविला, हात कापत होता तसाच ठेविला, आणि साध्या ठेक्याला आरंभ केला. ठेका जागोजाग डळमळत होता. मुलाने आपली लय त्या डळमळण्याला लावून घेतली.

भजन पहाटे संपले. पुढची एकादशी षट्‌तिला, पंधरा दिवसांवर. मुलाने निघताना तिची तारीख पंचांगात पाहून घेतली आणि कचेरीत रजा मिळेल की नाही याविषयी साशंक असल्याचे सांगितले. काकूंनी पेटारा बोळातून उचलून मृदंगाशेजारच्या फळीवर ठेविला होता. त्या म्हणाल्या, बोळात उंदीर फार झाले आहेत.